टाकीच्या अलीकडे, टाकीच्या पलीकडे

शहराची गळती मोजायची असली की पाणीपुरवठ्याचे अभियंते रात्री दोन ते चार ही वेळ धरतात. माणसं झोपलेली असतात, बागा बंद असतात, हॉटेलांची भांडी घासून झालेली असतात. अशा वेळीही एखाद्या वस्तीच्या मुख्य वाहिनीवरचं मीटर फिरत राहिलं, तर त्या पाण्याचा मोठा हिस्सा जमिनीत मुरतो आहे असं धरून पुढचा शोध सुरू होतो. यासाठी शहराचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवावं लागतं. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत असे १४१ विभाग आखले गेले ते याच हिशेबासाठी. पुण्यातली गळती ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं महापालिकाच वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मुंबईत गळती, चोरी आणि न मोजलेलं पाणी मिळून साधारण एक तृतीयांशाचा हिशेब लागत नाही, असं म्हटलं जातं.

घराची गळती शोधायचं तत्त्वही तेच. कोणी पाणी वापरत नसताना पाणी कुठे जातंय का, एवढंच पाहायचं. ज्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी असतं तिथे हे सोपं आहे. सगळे नळ बंद करायचे, मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, तासा-दोन तासांनी पुन्हा पाहायचा. आकडा पुढे सरकला असेल तर घरात गळती आहे.

आपल्या बहुतेक गावांत हा प्रयोग केला तर काहीच कळणार नाही. रात्री दोन वाजता मीटर गप्पच असतं, कारण लाइनला पाणीच नसतं. सकाळी तासभर किंवा दोन तास पाणी येतं, कुठे दिवसाआड येतं, कुठे आठवड्यातून एकदा. ते मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटर ते गच्चीवर चढवते आणि गच्चीवरून ते नळाला उतरतं. म्हणजे आपलं मीटर मोजतं ते टाकी भरायला आलेलं पाणी. घरातल्या नळातून काय गेलं, संडासात काय वाहिलं, भिंतीत काय मुरलं, यातलं काही त्याला थेट दिसत नाही. टाकीच्या अलीकडची गळती मीटर सांगेल. पलीकडची गळती टाकीतल्या पाण्याच्या पातळीवरून वाचावी लागते. आपल्याकडच्या घरात गळती शोधायची तर ही दोन्ही वाचनं यायला हवीत, आणि दुसऱ्या वाचनाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवत नाही.

*

आधी मीटर. फाटकाच्या आत जमिनीलगत विटांचं चौकोनी चेंबर असतं, वर लोखंडी झाकण किंवा फरशीचा तुकडा. आत माती, पालापाचोळा, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मीटर त्यात बुडालेलं असतं म्हणून कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत नाही म्हणून ते बुडालेलंच राहतं. आधी चेंबर साफ करून घ्यावं. काच ओल्या फडक्याने पुसावी, खरवडू नये.

घरगुती मीटरवर बहुधा १५ मिमी असं कोरलेलं असतं, शेजारी आयएसआयची खूण आणि आयएस ७७९ हा मानकाचा क्रमांक. अंगावर एक बाण असतो, तो पाण्याची दिशा दाखवतो. बाण घराकडे असला पाहिजे. दुरुस्तीनंतर मीटर उलटं बसवलेलं असू शकतं, म्हणून बाण पाहून घ्यावाच.

तबकडीवर काळे आकडे आणि लाल आकडे किंवा लाल काटे असतात. काळे आकडे पूर्ण घनमीटर सांगतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि बिल याच काळ्या आकड्यांवर निघतं. गळती शोधणाऱ्याला मात्र लाल काटे महत्त्वाचे. त्यांच्याजवळ ०.१, ०.०१, ०.००१ असं छापलेलं असतं. पहिला काटा शंभर लिटरचे टप्पे दाखवतो, दुसरा दहा लिटरचे, तिसरा एकेका लिटरचे. काळे आकडे ००८४७ असतील आणि लाल काटे अनुक्रमे ३, ६ आणि २ वर असतील, तर वाचन ८४७.३६२ घनमीटर, म्हणजे आठ लाख सत्तेचाळीस हजार तीनशे बासष्ट लिटर. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागे टाकलेला, म्हणजे लहान आकडा धरायचा. काटा एखाद्या आकड्यावर अगदी टेकलेला वाटला, तर त्याच्या पुढचा, आणखी लहान माप दाखवणारा काटा पाहायचा. त्याने शून्य ओलांडलं असेल तर तो आकडा पूर्ण झाला, नसेल तर अजून व्हायचा आहे.

तबकडीच्या मध्याजवळ एक छोटी दातेरी चक्री दिसेल, लाल किंवा काळी. थोडं पाणी सरकलं तरी ती हलते. काटे ज्याला दाद देत नाहीत अशी बारीक धारही ती दाखवते. गळतीच्या परीक्षेत पहिली नजर या चक्रीवर ठेवायची.

परीक्षा पाणी आलेलं असतानाच करायची. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यावीत, कारण रिकाम्या वाहिनीतली हवा पाण्याच्या पुढे धावत येते आणि मीटर हवेनेही फिरतं. ‘आमचं मीटर हवेवर पळतं’ ही तक्रार त्यामुळे निराधार नाही. धार स्थिर झाली की जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडायचं आणि बॉल कॉकचा, म्हणजे पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा, दांडा वर उचलून सुतळीने बांधून ठेवायचा. टाकीत पडणारं पाणी थांबेल. अंगणात थेट लाइनवरचा नळ असेल तर तोही बंद. आता मीटरमधून पाणी जायला वाट उरलेली नाही. चक्री थांबली तर टाकीपर्यंतची वाहिनी शाबूत आहे. फिरत राहिली तर आधी टाकीत कान द्यावा. बॉल कॉकचं वॉशर झिजलेलं असेल तर दांडा वर असूनही पाण्याची बारीक सर आत पडत राहते. तिचा आवाज नसेल, टाकीत सगळं शांत असेल आणि चक्री तरीही फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये, फरशीखाली किंवा बागेच्या मातीत, पाइप फुटलेला आहे.

किती फुटलाय तेही मोजता येतं. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन वाचनं घ्यायची. ८४७.३६२ चं ८४७.३८२ झालं तर अर्ध्या तासात २० लिटर, तासाला ४०. पाणी रोज दोन तास येत असेल तर रोजचे ८० लिटर. चोवीस तास येत असेल तर ९६०, आणि शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज १३५ लिटरचं जे माप धरलं जातं त्या मापाने ते सात माणसांचं पाणी झालं. पाइपला पडलेलं भोक दोन्हीकडे सारखंच. म्हणून चोवीस तास पाण्याची योजना आणणाऱ्या प्रत्येक गावाला आधी गळती बुजवावी लागते, नाहीतर सतत दाब राहिल्यावर जुन्या वाहिन्यांतून धरण रिकामं होईल. कराडजवळच्या मलकापूरने दीड दशकापूर्वी ही वाट चोखाळली तेव्हा नवे पाइप, लांबून वाचता येणारी मीटरं आणि वापरासोबत चढत जाणारा दर हे तिन्ही एकत्र आणलं होतं.

एक मर्यादा इथे सांगायलाच हवी. आपल्याकडच्या घरांत सर्रास दिसणाऱ्या ‘ब’ वर्गाच्या १५ मिमी मीटरची अचूकता मानकानुसार तासाला ३० लिटरपासून पुढेच बांधलेली आहे. ३० ते १२० लिटरपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे दोन टक्के इकडेतिकडे चालतं. नवं मीटर ३० लिटरच्या खालीही फिरतं, पण तिथे ते किती खरं सांगेल याची हमी नसते. तासाला ३० लिटर म्हणजे दिवसाला ७२० लिटर. एवढी मोठी गळती मीटरच्या हमीच्या सीमेवर बसू शकते! त्यात टाकीमुळे भर पडते. टाकी भरत आली की बॉल कॉक हळूहळू मिटत जातो, धार बारीक होते आणि शेवटचं बरंचसं पाणी मीटरला नीट न मोजता येणाऱ्या गतीने आत येतं. माल्टात घराघरावर टाक्या आहेत. तिथल्या अभियंत्यांनी अशी न मोजली गेलेली धार प्रत्यक्ष मोजून दाखवली आहे. शिवाय गाळाने चाकं झिजली की मीटर मंदावतं, आणि मंदावलेलं मीटर नेहमी कमीच दाखवतं. शंका असेल तर पाणीपुरवठा विभागाकडे तपासणीसाठी अर्ज करता येतो. देशात मीटरांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत, केरळात पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट त्यातली जुनी.

*

आता टाकीच्या पलीकडे. माझ्या मते घरगुती गळतीचं खरं क्षेत्र हेच आहे. मीटर ते टाकी हा तुकडा दिवसातून तास-दोन तास दाबाखाली असतो. गच्चीवरच्या टाकीखालचे पाइप चोवीस तास भरलेले असतात आणि तिथलं गळकं भोक झोपत नाही. ते पाणी वर चढवायला आपण वीजही जाळलेली असते.

इथे मीटरचं काम पट्टी करते. गच्चीवरची १००० लिटरची गोल टाकी घेतली तर तिचा व्यास साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर भरतो. अशा टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर जवळपास ९ लिटर पाणी गेलं. सोसायटीची जमिनीखालची टाकी आतून चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असेल, तर तिथला एक सेंटिमीटर १२० लिटरचा. आपल्या टाकीचं हे गणित एकदा करून झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावं. प्लंबर बदलतात, सेक्रेटरी बदलतात, टाकीचं माप तेच राहतं.

रात्री साडेअकराला मोटर बंद करायची आणि वॉचमनला सांगून ठेवायचं. जमिनीखालच्या टाकीत कोरडी काठी उभी सोडून ओलीची रेघ पाहायची, पट्टीने मोजायची, वेळेसकट लिहायची. पहाटे पाणी यायच्या आधी पुन्हा. काठी दोन्ही वेळा त्याच कोपऱ्यात टेकवायची, कारण तळाला उतार असतो. झाकलेल्या टाकीतून एका रात्रीत वाफ होऊन जाणारं पाणी नगण्य. त्यामुळे चार बाय तीनच्या टाकीत सहा तासांत अर्धा सेंटिमीटर घट झाली असेल तर ६० लिटर गेले, आणि भिंतीत किंवा तळाला चीर आहे.

गच्चीवरच्या टाकीचं काम थोडं नाजूक, कारण खाली माणसं राहतात आणि रात्रीही कोणी उठतंच. सोय अशी की टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक उतरत्या लाइनला बहुधा स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. आदल्या दिवशी फलकावर लिहून, रात्री एक ते चार सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. पातळी तरीही उतरली तर दोष टाकीत किंवा मोटरच्या लाइनमध्ये. उतरली नाही, तर पुढच्या रात्री एकच व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, त्याच्या पुढच्या रात्री दुसरा. ज्या रात्री पातळी तासागणिक सारखी उतरत राहील, त्या लाइनवर गळती आहे. माणसाचा वापर एकदम होतो आणि थांबतो, गळती एकसारखी चालू राहते. दर तासाला पातळी मोजली की हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो.

वरची पातळी उतरते आहे, कुठे ओल नाही, कुठे आवाज नाही, असंही होतं. तेव्हा त्याच वेळी खालची टाकी मोजावी. वरचं पाणी कमी होऊन खालचं वाढत असेल तर गळती नाहीच. मोटरच्या लाइनमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेलेला आहे आणि चढवलेलं पाणी त्याच पाइपने परत उतरतंय. पाणी वाया जात नाही, पण तेच पाणी दिवसातून दोनदा चढवलं जातं आणि विजेचं बिल का वाढलं ते कोणाला कळत नाही. मोटर रोज किती मिनिटं चालते याची वही ठेवली तर हा दोष आठवडाभरात उघडा पडतो. ज्या इमारतीचं मीटर बंद पडलेलं आहे तिथे तर ही वही मीटरचंच काम करते.

पावसाळ्यात खालची टाकी वाढताना दिसली, पाणी आलेलं नसताना आणि मोटरची लाइन ठीक असताना, तर तो सगळ्यांत वाईट प्रकार. भिंतीला चीर आहे आणि बाहेरचं पाणी आत येतंय. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर ते पाणी पिण्यासाठी वापरणं त्याच दिवशी थांबवावं.

भिंतीवर ओल दिसली की ती नळाच्या पाण्याची की पावसाची, हा वाद प्रत्येक इमारतीत असतो. वरच्या मजल्यावरचे म्हणतात पाऊस, खालचे म्हणतात तुमचा बाथरूम. गावागावांत पाणीपुरवठ्याचे कर्मचारी जी ओटी टेस्ट करतात ती इथे उपयोगी पडते. छोट्या नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं पडतं. झिरपून जमलेलं पाणी पिवळं झालं तर ते बहुधा नळाचंच. पिवळं नाही झालं तर मात्र निकाल लागत नाही, कारण सिमेंट-विटांतून येताना क्लोरीन उडूनही जातो.

*

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या इमारतींत काम करणाऱ्या एका प्लंबरना मी विचारलं, सगळ्यांत जास्त पाणी कुठे जातं? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘ताई, नळ ठिबकतो तो दिसतो, म्हणून माणूस फोन करतो. फ्लशची टाकी गळते ती सरळ भांड्यात जाते. आवाज नाही, ओल नाही. त्याच्यासाठी मला कोण बोलावणार?’

मग एका घरात त्यांनी ते दाखवलंच. घरातल्या आजींकडे कपड्यांची नीळ मागितली. ‘आजी, पंधरा मिनिटं कोणी फ्लश करू नका हं.’ फ्लशच्या टाकीचं झाकण काढून चार-पाच थेंब आत टाकले. पाणी निळं झालं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, आजींनी चहा ठेवला. परत जाऊन पाहिलं तर भांड्याच्या पांढऱ्या उतारावर, मागच्या कडेपासून, बोटभर रुंदीचा फिका निळा पट्टा उतरलेला होता. पाणी हलत असल्याचं डोळ्यांना जाणवत नव्हतं, फक्त रंग दिसत होता. ‘किती दिवसांपासून असेल हे?’ आजींनी विचारलं. प्लंबरनी टाकीच्या तळाचं रबर काढून हातावर ठेवलं. कडेला पांढरा क्षार जमला होता आणि एका बाजूला रबर कडक होऊन दुमडलं होतं. ‘वर्ष तरी झालं असेल, आजी.’

असं रबर बदलणं फार थोड्या पैशांचं काम आहे. त्यातून जाणारं पाणी मात्र थोडं नसतं. टाकी दर अर्ध्या तासाला आपोआप थोडी भरून घेतल्याचा आवाज येत असेल आणि प्रत्येक वेळी तीन लिटर जरी भरत असेल, तरी दिवसाचे १४४ लिटर होतात. एका माणसाच्या पूर्ण दिवसाच्या वाट्याहून हे जास्त. फ्लशच्या टाकीत दुसराही एक दोष असतो. आतला फ्लोट वाजवीपेक्षा वर बसवलेला असला की टाकी भरूनही पाणी येत राहतं आणि मधल्या उभ्या नळीतून भांड्यात उतरतं. टाकीतली पातळी त्या नळीच्या तोंडापाशी पोचलेली दिसली की हा दोष ओळखावा आणि फ्लोट खाली करून घ्यावा.

ठिबकणाऱ्या नळाचं माप काढायला पेला पुरतो. २०० मिलिलिटरचा पेला नळाखाली ठेवायचा. वीस मिनिटांत भरला तर दिवसाचे १४ लिटर, पाच मिनिटांत भरला तर ५८. आकडा समोर आला की ‘नंतर बघू’ म्हणणं अवघड जातं, हा माझा घरोघरचा अनुभव आहे.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राकडेही लक्ष द्यावं. त्याच्या सांडपाण्याच्या नळीतून यंत्र चालू असतानाच पाणी यायला हवं. आतला विजेवर उघडझाक करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला की रात्रभर धार चालू राहते आणि ती सरळ सिंकच्या पाइपमध्ये सोडलेली असल्यामुळे कोणाला दिसत नाही. नळी आठवड्यातून एकदा बादलीत सोडून पाहावी.

भिंतीतल्या पाइपसाठी प्लंबर लोक अजूनही कानावर भरवसा ठेवतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपवर टेकवून मूठ कानाच्या हाडाशी धरली की आतली सुरसुर ऐकू येते. महापालिकांची गळती शोधणारी माणसं रस्त्यावर हेच काम लोखंडी सळईने करतात, तेही रात्री, रहदारी थांबल्यावर. निखिल आनंद यांच्या ‘हायड्रॉलिक सिटी’ या २०१७ च्या पुस्तकात मुंबईच्या पाण्याचा आणि ते पाणी हाताळणाऱ्या अभियंत्यांचा जो अभ्यास आहे, तो वाचताना वारंवार जाणवतं की एवढ्या मोठ्या शहराची गळती शेवटी माणसाच्या अनुभवावरच शोधली जाते. ज्यांना मुंबईच्या पाण्याबद्दल आस्था आहे त्यांनी ते जरूर वाचावं.

*

गळती ही फक्त वाया जाणाऱ्या पाण्याची गोष्ट नाही. ज्या भोकातून दाब असताना पाणी बाहेर जातं, त्याच भोकातून दाब गेल्यावर बाहेरची घाण आत येते. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आजूबाजूच्या चिखलातलं, गटारातलं पाणी आत झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरात येतं. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांत सतत आणि बाकी शहरात ठरावीक वेळी पाणी, अशी स्थिती असताना संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. सतत दाबाखालच्या पाण्यात जंतूंचं प्रदूषण कमी आढळलं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही संशयाचं बोट पिण्याच्या पाण्याकडेच गेलं होतं. जे लोक थेट लाइनला मोटर लावून पाणी ओढतात, ते शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी तर घेतातच, शिवाय वाहिनीतला दाब शोषून घेऊन सगळ्या आळीसाठी घाण आत ओढतात. हे थांबलं पाहिजे, आणि ते आळीतल्या लोकांनीच थांबवायला हवं.

वाया जाणारं पाणी किती, तेही पाहू. दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती लातूरला पोचली तेव्हा फलाटावर लोक जमले होते, सगळ्या देशाने ते पाहिलं. वर सांगितलेल्या, मीटरच्या हमीच्या सीमेवरच्या गळतीशी ते पाणी ताडून पाहा. दिवसाला ७२० लिटर गळणारी सातशे घरं धरली तर रोजचे पाच लाख चार हजार लिटर होतात. सातशे घरं म्हणजे पुण्या-ठाण्यातल्या तीन-चार मोठ्या सोसायट्या. आणि या पाण्याची उणीव भासते ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना, जिथे दाब आधीच कमी असतो आणि बायका पहाटे चारला उठून बारीक धारेखाली कळशी लावून बसतात.

तरीही सोसायट्यांत गळतीला धनी का नसतो, याचं कारण बिलात आहे. मुंबईत आणि इतर शहरांतही बहुतेक इमारतींत सगळ्या फ्लॅटांना मिळून एकच मीटर असतं. बिल देखभालखर्चात मिसळतं आणि फ्लॅटमागे सारखं वाटलं जातं. ज्याच्या घरात नीळ भांड्यात उतरते आहे त्याला वेगळा रुपया पडत नाही. पुण्यात तर घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षं मिळकतकराच्या बिलातच येत राहिली, मोजमापाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा, हा उपाय सांगायला सोपा आहे. जुन्या इमारतीत मात्र एका फ्लॅटला स्वयंपाकघरासाठी एक, प्रत्येक बाथरूमसाठी एक, अशा तीन-चार ठिकाणांहून वेगवेगळ्या उभ्या लाइनींतून पाणी येतं. म्हणजे चोवीस फ्लॅटांना ऐंशी-नव्वद मीटरं, आणि ती कोंदट डक्टमध्ये शिरून वाचायची. नव्या इमारती बांधताना प्रत्येक घराला एकाच ठिकाणाहून पाणी द्यायची रचना करायला हवी, यावर बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच आग्रह धरायला हवा असं माझं ठाम मत आहे. जुन्या इमारतींसाठी तो मार्ग जवळजवळ बंद आहे.

त्यांच्यासाठी मला दिसणारा उपाय साधा आहे. पाण्याचं बिल सगळ्यांचं मिळून असेल तर गळतीची दुरुस्तीही सगळ्यांची मिळून असावी. भाडेकरू प्लंबरला बोलवत नाही, कारण घर त्याचं नाही. मालक परगावी असतो. एकटे राहणारे वयस्कर लोक दोनशे-पाचशे रुपयांची फेरी टाळतात. सोसायटीने वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळा लागायच्या आत एकदा, एका प्लंबरला दिवसभरासाठी बोलवावं. त्याने प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन नीळ टाकावी, वॉशर आणि रबर तिथल्या तिथे बदलावं, अँगल कॉक फिरतो का पाहावं आणि खर्च सोसायटीच्या खात्यातून व्हावा. आदल्या आठवड्यात रोज सकाळी त्याच वेळी मुख्य मीटरचं वाचन आणि मोटरची मिनिटं लिहून ठेवावीत, नंतरच्या आठवड्यातही. वार्षिक सभेत हिशेबाच्या कागदांसोबत हे दोन आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी छापावेत. ठराव मांडायला कोणी एक सभासद पुरतो, आणि सभेच्या नोटिशीची मुदत चौदा दिवसांची असल्याने विषयपत्रिकेत तो वेळेवर घालून घ्यावा.